फॉर्मवरचा नंबर

बाबाजीची बायको मैना गेल्यानंतरचा हा पोपटीचा, शेतात मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचा, दुसरा हंगाम. पहिल्या वर्षी कोणी नावच काढलं नव्हतं. यंदा मात्र बाबाजीने आपणहून फोन केला होता, "गुरुजी, वाल भरलाय. रविवारी सगले या. सूनबायला थंडी नको बाधाया, म्हणून उजेडातच मडका लावू."

म्हणून पेणहून सगळे दुपारीच निडीला येऊन दाखल झाले होते. शेत गुरुजींच्या, म्हणजे माधवरावांच्या नावावर, पण तीस वर्षं ते कसत होता बाबाजीच. भात निघाल्यावर त्याच खाचरांत वाल टाकायचा आणि शेंगा भरल्या की वर्षातून एकदा गुरुजींच्या घरच्यांना बोलवायचं, हा मैनेने पाडलेला शिरस्ता. बांधावरून मडक्यात घालायचा भांबुर्डीचा वासाचा पाला खुडून आणायचा तोही तिनेच. यंदा तो माधवरावांच्या बायकोने, वत्सलाबाईंनी खुडला. कोणी सांगितलं नव्हतं. उतरल्या उतरल्या पदर खोचून त्या बांधाकडे गेल्या, एवढंच.

माधवराव आंब्याखालच्या खुर्चीत बसून हे बघत होते. मांडीवर पुस्तक उघडं होतं, पण अर्ध्या तासात पान उलटलं नव्हतं. शर्टाच्या खिशात मोबाइल होता. त्याचं वजन ते काय असणार? पण गेले नऊ दिवस तो खिसा त्यांना छातीवर ओढल्यासारखा वाटत होता.

मोबाइलमधला तो मेसेज आता त्यांना पाठ होता. मिरजेजवळच्या त्या केंद्राने श्रीमती वत्सला माधव यांची परिचारिकांसाठीच्या सहा आठवड्यांच्या निवासी प्रशिक्षणासाठी निवड केली होती. विषय, बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटची शुश्रूषा. दोन मार्चला हजर व्हायचं. संमती आजच्या रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायची, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

या घरात फॉर्म कोणाचाही असो, भरायचे माधवरावच. अक्षर चांगलं, शाळेच्या ग्रंथालयात जन्म गेलेला, चिकाटी दांडगी. गॅसची जोडणी, विजेचं बिल, मुलाचं, शौनकचं कॉलेज, सावनीसाठी लग्नाचं स्थळ सुचवणारं मंडळ, सगळीकडे संपर्कासाठी नंबर त्यांचाच. नोव्हेंबरात वत्सलाबाई रोह्याच्या सरकारी रुग्णालयातली ड्यूटी संपवून तो फॉर्म घेऊन आल्या, तेव्हाही जेवणाच्या टेबलावर त्यांनीच तो भरला. मोबाइल क्रमांकाच्या चौकटीत हात आपोआप आपले दहा आकडे लिहून गेला. वत्सलाबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. त्यांनी ते पाहिलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मेसेज आला त्या दिवशी नेमकी तनया, त्यांची सून, डॉक्टरांकडून घरी आली होती. बाळंतपणाची तारीख चौदा मार्च नक्की झाली होती. तनयाला आई नव्हती, ती सातवीत असतानाच गेली. बाळंतपणाला माहेरी जायचं ते कोणाकडे? वत्सलाबाईंनी तिचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "मी आहे ना. सगळं मी करीन." तसा शब्द दिला जात असताना हे कसं सांगायचं? उद्या सांगू, असं माधवरावांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलायचं वाक्य मनात तीन प्रकारे जुळवून पाहिलं. तिन्ही त्यांना खोटी वाटली. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात डबा भरता भरता वत्सलाबाईंनीच विचारलं, "काही आलं का हो मिरजेहून?"

"नाही अजून," ते म्हणाले.

उभ्या आयुष्यात ते बायकोशी मोठं असं खोटं बोलले नव्हते. हे दोन शब्दांचं होतं.

"अरे माधव, शेंगा तरी खा कच्च्या! का त्याही पुस्तकात मिळतात?" दाजींनी हाक मारली. दाजी म्हणजे माधवरावांचे थोरले बंधू. वाटणीवरून झालेला वर्षभराचा अबोला मैनेच्या दहाव्याला सुटला होता, आणि तेव्हापासून जणू ते वर्षभराचं साठलेलं बोलून घेत होते.

मडक्याच्या तळाशी बाबाजीने पाल्याचा जाड थर दिला. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे मसाला लावलेली कोंबडी आणि बटाटे, पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने घट्ट दाबून मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा रचायचा. शौनक पेंढा आणत होता. नागोठण्याच्या कंपनीतली रात्रपाळी करून तो तसाच आला होता, डोळे लाल.

"वयनी," बाबाजी पाला दाबत म्हणाला, "तुमचा ता शिकायचा काय झाला? कधी जायाचा?"

"ते राहिलं, बाबाजी. अजून काही कळवलं नाही त्यांनी, म्हणजे निवड नाही झाली."

बाबाजीचा हात थांबला. "नाय झाली?"

"पंधरा जागा, राज्यभरातून अर्ज. आणि माझं वय बघा."

"तेच म्हणतो मी," दाजी म्हणाले. "वत्सला, निवृत्त व्हायला चौदा महिने राहिले तुला. पगार वाढणार नाही, बढती मिळणार नाही. सरकारने सांगितलं होतं का जायला?"

"नाही. कोणीच सांगितलं नव्हतं."

"मग?"

"म्हणून तर अर्ज केला. सांगितलेली ट्रेनिंगं पुष्कळ केली, दाजी. सही करायची, चहा प्यायचा, परत यायचं."

"दाजीकाका," सावनी मधे पडली. ती माधवरावांची थोरली लेक, पनवेलहून आली होती. "तुम्ही पंचाहत्तराव्या वर्षी मोबाइलवर रमी शिकलात, ती कोणत्या सरकारने सांगितली?"

सगळे हसले. तनयाही पोट धरून हसली. खुद्द दाजीही हसले. वत्सलाबाई हसल्या आणि मग हातातला उरलेला पाला उगाचच नीट लावत बसल्या. देठ एका बाजूला, शेंडे एका बाजूला. कॉटवरची चादर सारखी करावी तशा.

माधवरावांनी नजर वळवली.

बाबाजीने मडकं पालथं घातलं, पेंढा रचला, काडी ओढली. ज्वाळा मडक्याच्या माथ्यावर गेल्या. मग तो उकिडवा बसून जाळाकडे बघत म्हणाला, "मी कान्हूला सांगून बसलो होतो."

"काय?"

"त्याची आय तशीच पडलीय. मैनेसारकी. आमच्याच आलीत, चार घरा सोडून. मी त्याला बोललो, घाबरू नको, वत्सलावयनी शिकून येतायत. मैनेच्या टायमाला त्यांना ठाव नव्हता, आता ठाव होईल."

पेंढा तडतडत होता.

मैनेचे शेवटचे वीस दिवस माधवरावांच्या घरात सगळ्यांना माहीत होते. वत्सलाबाई रोज रोह्याहून सुटल्यावर घरी पेणला न जाता मधे निडीला उतरायच्या. मैनेला कुशीवर वळवायच्या, जखम धुवायच्या, दुखणं थांबवायची गोळी द्यायच्या आणि पुढच्या गाडीने पेणला यायच्या. तीस वर्षांची नर्स. पण त्या गोळीची त्यांनाच भीती वाटायची. फार दिली तर सवय लागेल, श्वास मंदावेल. म्हणून मैना कण्हेपर्यंत त्या थांबायच्या. कण्हणं असह्य झालं की मग अर्धी. मैना एकदा म्हणाली होती, "बाय, तू नर्स ना गो? मग अशी घाबरतंस का?"

मैना गेल्यावर सहा महिन्यांनी कुठल्याशा पुस्तिकेत त्यांनी वाचलं. त्या रात्री भांडी विसळता विसळता नळ तसाच चालू ठेवून त्या माधवरावांना म्हणाल्या होत्या, "ती दुखायला लागल्यावर द्यायची नसते हो. दुखायच्या आधी द्यायची असते. घड्याळ लावून." मग बराच वेळ नळ वाहत राहिला होता, आणि माधवरावांना तो बंद करायला उठवलं नव्हतं.

आता बाबाजीकडे बघत वत्सलाबाई म्हणाल्या, "कान्हूला सांगा, मी येत जाईन. जेवढं येतं तेवढं करीन."

तो आवाज माधवरावांच्या ओळखीचा होता. मागायचं थांबवलेल्या माणसाचा आवाज. ते उठले. पुस्तक मांडीवरून खाली पडलं, ते उचलायलाही थांबले नाहीत.

"वत्सला, जरा इकडे येतेस?"

"काय झालं?"

"बाजूला ये. बोलायचंय."

"इथंच बोल की!" दाजी म्हणाले. "आम्ही काय परके?"

शाळेतसुद्धा पाचपेक्षा जास्त माणसांसमोर बोलायचं तर ते आधी कागदावर लिहून नेत. आता कागद नव्हता. त्यांनी खिशातला मोबाइल काढून पुढे धरला.

"निवड झाली आहे," ते म्हणाले. "तुझी. नऊ दिवसांपूर्वीच कळवलंय त्यांनी. माझ्या मोबाइलवर. मी... सांगितलं नाही."

सावनीने वाकून त्यांच्या हातातल्या मोबाइलवरचा मेसेज वाचला.

"नऊ दिवस?" सावनी म्हणाली. "बाबा, नऊ दिवस?"

"ताई, थांब," शौनक पुढे आला. "बाबांनी तनयाचा विचार केला असेल. बरोबरच आहे. चौदा मार्चला..."

"तू गप्प बस. तुझ्या सोयीचं झालं म्हणून बरोबर?"

"माझी सोय? बाळंतपण तुझं असतं तर आईला पाठवलं असतंस तू?"

"माझ्या वेळी आईने रजा काढली नव्हती, विसरलास? वॉर्डमधून येऊन करायची सगळं!"

"माधव," दाजी हळू आवाजात म्हणाले, आणि ते हळू बोलले म्हणून सगळे थांबले. "मी बडबड्या माणूस. तिला नको जाऊ म्हणतो ते तोंडावर म्हणतो. तू तर बोललाच नाहीस रे."

दाजी आपल्या बाजूने बोलतील अशी कुठेतरी आशा होती, हे माधवरावांना तेव्हा कळलं. त्यांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडे बघतच नव्हत्या.

"मुदत कधीपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"आज. पाचपर्यंत."

"आता किती वाजले?"

"चार वीस."

वत्सलाबाईंनी हात पदराला पुसले आणि तनयासमोर जाऊन बसल्या. तनया खुर्चीत ताठ बसली होती, ओठ घट्ट मिटलेले.

"तनया, दोन मार्च ते बारा एप्रिल. तुझ्या वेळी मी नसेन. पुढची तुकडी सप्टेंबरात आहे, पण त्यांना वर्षाची नोकरी शिल्लक लागते. तेव्हा माझी नसेल. ही शेवटचीच."

"आई, तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. म्हणून तुला विचारते. तू नको म्हणालीस तर नाही जाणार, आणि तुला कधी बोलूनही दाखवणार नाही."

"बोलून नाही दाखवणार," तनयाचे डोळे भरून आले. "पण पाला असाच लावत बसाल. मघाशी लावत होतात तसा. मी बघितलं."

वत्सलाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माझी आई गेली ना," तनया म्हणाली, "तेव्हा मला त्या खोलीत कोणी जाऊच दिलं नाही. बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. आतून आवाज यायचा तिचा. तेव्हा कोणालाच येत नव्हतं वाटतं हे. तुम्ही नेहमी म्हणता तसं घड्याळ लावून द्यायचं." तिने नाक पुसलं. "मी रागावले आहे, आई. हे लक्षात ठेवा. आल्यावर महिनाभर बाळाची लंगोटी तुम्ही बदलायची. आणि शिकायचं तर नीट शिकून या. अर्धवट नको."

"मी येते पंधरा दिवस," सावनी म्हणाली.

"ताई, तुम्हाला माझ्या चहात साखर किती तेसुद्धा माहीत नाही."

"दोन चमचे. आणि डॉक्टरांनी एक सांगितलाय. मी एकच घालणार."

तनयाला रडता रडता हसू फुटलं. शौनक मात्र पेंढ्याची पेंडी हातात तशीच धरून जाळाकडे बघत उभा होता. त्याला सगळं पटलं नव्हतं. ते एवढ्यात पटणारही नव्हतं.

"नेट हाय का पण?" बाबाजीने विचारलं. "हितं शेतात नाय मिलत. टेशनावर जावा. फलाटावर चांगला येतो. दहा मिनटांचा रस्ता."

वत्सलाबाई चपला घालून निघाल्यासुद्धा. माधवराव मागोमाग निघाले. बांध अरुंद, एकामागून एकच चालता येत होतं. दोन्ही बाजूंना वालाची कंबरेएवढी हिरवी झुडपं. माधवरावांना त्यांची पाठ दिसत होती, आणि मानेवरचा पांढरा झालेला बारीक अंबाडा.

"मी विचारलं होतं तुम्हाला," मागे न बघता त्या म्हणाल्या. "तुम्ही 'नाही अजून' म्हणालात. 'अजून' कशाला म्हणालात? नुसतं 'नाही' म्हणाला असतात तर मी वाट बघणं सोडलं असतं. रोज रात्री तुम्ही मोबाइल चार्जिंगला लावायचात, आणि मी बघत असायचे की तुम्ही काही बोलताय का."

माधवराव म्हणाले, "तनयासाठी नव्हतं ते. शौनक म्हणतो तसं नाही. तसं असतं तर बरं झालं असतं."

"मग?"

"मला... तू नसण्याची सवय नाही."

त्या थांबल्या. वळल्या. "तीस वर्षं नाइट ड्यूट्या केल्या मी."

"सकाळी यायचीस."

वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रोज सकाळच्या गाडीला ते पेणच्या फलाटावर उभे असायचे. रिकामा डबा त्यांच्या हातात द्यायचा, आणि रात्री वॉर्डमध्ये काय काय झालं ते सांगत दोघांनी घरापर्यंत चालत यायचं. नोकरी संपली की दुपारी तुला वाचून दाखवीन, असं ते दहा वर्षं म्हणत आले होते. पुस्तकं काढूनही ठेवली होती. महिने मोजत होते ते, हे वत्सलाबाईंना ठाऊक होतं.

"चला," त्या म्हणाल्या. "उशीर होईल."

निडीच्या फलाटावर चिटपाखरू नव्हतं. एका बाकावर कोणीतरी वाळत घातलेल्या लाल मिरच्या होत्या. त्या सरकवून दोघं बसली. नेट आलं. माधवरावांनी चष्मा नाकावर खाली ओढून मेसेजमधली लिंक उघडली. संमती: होय. नाव. नर्सिंग नोंदणीचा क्रमांक, तो वत्सलाबाईंनी न अडखळता सांगितला. रजा स्वतःच्या खात्यातली: होय. खाली संपर्काचा नंबर आधीच भरलेला होता. त्यांचा स्वतःचा.

"हा खोडा," वत्सलाबाई म्हणाल्या. "माझा टाका."

त्यांनी खोडला. चौकट रिकामी झाली. आणि मग त्यांचं बोट तसंच अधांतरी राहिलं.

त्यांना नंबर माहीतच नव्हता. गॅसचा ग्राहक क्रमांक येत होता, शाळेतल्या निम्म्या पुस्तकांचे नोंदणी क्रमांक अजून सांगता आले असते. बायकोच्या नंबराचा पहिला आकडासुद्धा आठवेना. ओशाळून त्यांनी नावांची यादी उघडली. 'व'मध्ये शोधलं. नव्हता. मग आठवलं, आणि ते वर सरकत 'घ'पाशी आले.

'घर', असं लिहिलं होतं तिथे.

वत्सलाबाईंनी ते वाचलं. बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग रुळांकडे बघत म्हणाल्या, "बघून नको. मी सांगते, तुम्ही टाका."

एकेक आकडा त्या सांगत गेल्या, सावकाश, नव्या मुलीला इंजेक्शनचं माप सांगावं तसा. दहा झाले.

"परत वाचा."

त्यांनी वाचून दाखवला. सातवा चुकला होता. वत्सलाबाईंनी तो दुरुस्त करवला आणि पुन्हा वाचायला लावला. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी माधवरावांनी खालचं बटण दाबलं. काही क्षण गोल फिरत राहिलं. मग वत्सलाबाईंच्या पर्समध्ये बारीकसा आवाज झाला.

त्यांनी मोबाइल काढला, हात लांब धरून वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा असा झाला की माधवरावांना तो फार जुना वाटला. लग्नाआधीच्या, त्यांनी कधीच न पाहिलेल्या मुलीचा.

"काही आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलंय," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि मोबाइल पर्समध्ये ठेवून चेन लावली. काय आलंय, ते त्यांनी सांगितलं नाही. माधवरावांनीही विचारलं नाही.

परतताना दोघं बांधावर आली तेव्हा लांबून बाबाजीची हाक आली. तिकडे मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र होऊन क्षणात सुकत होतं. पोपटी झाली होती. वत्सलाबाई बांधावरून पुढे झाल्या. माधवराव मागून चालत होते, ओठांतल्या ओठांत दहा आकडे म्हणत, पाढा पाठ करणाऱ्या मुलासारखे, दर वेळी सातव्यापाशी अडखळत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.